कंपनीतून सोडवलेली गाडी

ट्रक त्याचा, डिझेल त्याचं, टायर त्याचे. दारावर नाव मात्र कंपनीचं. बारा वर्षं त्यानं गाडी कंपनीला लावली होती आणि ती सांगेल तो माल, सांगेल तिथं नेला होता. बाकीचे ड्रायव्हर त्याला गोगलगाय म्हणत, कारण खड्डा दिसला की मागे तान्हं बाळ निजलेलं असावं तशी तो गाडी हळूच उतरवायचा. चिडवलं की तो हसायचा. मनाला लागायचं, पण ते कुणाला दाखवायचा नाही.

शेवटी विषय बायकोनं काढला. गाडी आपली तर मर्जीही आपलीच हवी, असं तिचं म्हणणं. मेहुणा मात्र छातीठोकपणे सांगत सुटला की भावजी आठ दिवसांत परत कंपनीच्या दारात उभे राहतात की नाही बघा. मॅनेजर त्याहून बेरकी. त्यानं गोड बोलून करार सोडला आणि वर बजावलं, की शनिवारपर्यंत जागा राखून ठेवतो. मग तिथं दुसरी गाडी लागेल आणि नाक घासत आलात तरी उपयोग होणार नाही.

पहिलं भाडं बायकोनंच मिळवलं. काचेच्या कारखान्यात रिकाम्या लाकडी पेट्या पोचवायच्या होत्या. शुक्रवारी अकराला पेट्या उतरल्या. त्यानं पावतीवर सही घेतली, गाडी सावलीला लावली आणि केबिनमध्ये पाय पसरले. वर्तमानपत्र वाचून झालं, आरसे पुसून झाले, डबाही संपला. दीड वाजता त्याच्या ध्यानात आलं की आपण कंपनीच्या फोनची वाट बघत बसलोय.

माल उतरला की कंपनीची फोनवाली बाई पुढचा पत्ता सांगायची, ही बारा वर्षांची सवय. आता सांगणार कोण? त्याला आधी स्वतःचंच हसू आलं, मग ते मावळलं. आपल्याला गाडी चालवता येते, काम मागता येत नाही, हे बायकोला कोणत्या तोंडानं सांगायचं? मेहुण्याचा चेहरा तर डोळ्यांपुढून हलेना. त्यानं गुपचूप कंपनीला फोन लावला.

बाईनं आवाज लगेच ओळखला. जवळच एक माल तयार होता. हो म्हणा, करारावर सही उद्या करा, असं ती म्हणाली. त्यानं दहा मिनिटं मागून घेतली. का मागितली, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

पाच मिनिटं तो गाडीभोवती नुसताच फिरला. मग मनाचा हिय्या करून कारखान्याच्या गोदामात शिरला आणि चाचरत विचारलं, परतीचा काही माल आहे का.

गोदामवाल्यानं चष्म्यावरून निरखून पाहिलं. "तुम्ही ते हळू चालवणारे ना?"

तो ओशाळला. पूर्वी दोन-तीनदाच इथून काच नेली होती, तरी इथंही कीर्ती पोचली होती तर.

"अहो, दर खेपेला मी तुमच्या कंपनीला सांगतो, काच न्यायची तर तोच माणूस पाठवा. कधी पाठवतात, कधी म्हणतात तो मोकळा नाही. मग दुसरा कुणी येतो आणि निम्म्या काचांचा चुरा पोचवतो." त्यानं भिंतीशी रचलेल्या पेट्या दाखवल्या. "या किती दिवसांत न्याल?"

कंपनी असल्या कामाला दोन दिवस सांगायची. "तीन," तो म्हणाला. "त्याच्या आत जमणार नाही."

गोदामवाल्यानं मान डोलावली आणि हमालांना हाक मारली.

पेट्या चढत असताना त्यानं पुन्हा कंपनीला फोन लावला. राग आला होता आणि तो त्यानं लपवला नाही. "लोक मला मागून घेत होते, हे मला बारा वर्षांत एकदाही का नाही सांगितलंत?"

 बाई आवाज खाली आणून म्हणाली, "मॅनेजरांनी बजावलं होतं. म्हणाले, त्याच्या कानावर गेलं तर तो उद्याच स्वतःची गाडी सोडवून नेईल." आणि आणखी हळू, "दादा, असं मागणारे आणखी चौघं आहेत. नावं मात्र विचारू नका, माझी नोकरी आहे."

"नाही विचारत."

विचारायची गरजच नव्हती. माल उतरल्यावर खुर्ची देऊन पाणी विचारणारे, आपल्या हातानं एकेक पेटी उघडून समाधानानं मान हलवणारे कोण, हे त्याला पाठ होतं.

"आणि मॅनेजरांना सांगा," तो म्हणाला, "शनिवारची वाट बघू नका. माझी जागा आजच देऊन टाका."