प्रभावतीचं इंग्रजी

"मानसं तर काल मेले. मंग इथं 'डाय' कामून लिहिलंय, मॅडम? 'डाइड' पाहिजे न्हाई का?"

प्रभावतीने फरशी पुसता पुसता ओलं बोट वर्तमानपत्राच्या मथळ्यावर ठेवलं होतं. जालना एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात ती झाडलोट करायची, चहा करायची. टेबलामागे बसलेल्या ज्योत्स्ना मॅडम तिथला पत्रव्यवहार पाहत. त्यांनी तिला समजावलं, की घडून गेलेली गोष्टसुद्धा मथळ्यात आत्ता घडत असल्यासारखी लिहितात, तशी रीतच आहे. प्रभावतीला ते पटलं नाही. तरी तिने वहीत उतरवून घेतलं.

ती सातवीपर्यंत शिकलेली. साहेबांचा इंग्रजी पेपर दुसऱ्या दिवशी काचा पुसायला तिच्याकडे यायचा. दोन वर्षांपूर्वी त्यात एकदा 'जालना' ही अक्षरं तिला ओळखू आली, आणि तेव्हापासून रोज एक मथळा, असा तिने नेम धरला. खालचा बारीक मजकूर काही झेपत नसे. त्यामुळे तिचं इंग्रजी मोठं विचित्र झालं होतं. मीठ, बहीण, उंबरा यांना काय म्हणतात हे तिला ठाऊक नव्हतं. पण हाइक म्हणजे वाढ, प्रोब म्हणजे चौकशी, टोल म्हणजे मेलेल्यांचा आकडा, हे तोंडपाठ होतं.

तिचा नवरा भारत सळईच्या कारखान्यात भट्टीवर होता. संध्याकाळी जेवताना तो विचारायचा, आज कोणता शब्द? मग दुसऱ्या दिवशी तो शब्द कुठेही वापरायचा. भेंडी महागली की म्हणायचा, हाइक झाली. त्यांची अकरावीतली मुलगी अक्षता हसून हसून बेजार व्हायची.

जुलैच्या एका सोमवारी मात्र त्याने शब्द विचारला नाही. प्रभावतीने खोदून विचारल्यावर म्हणाला, "ओलं भंगार तसंच भट्टीत टाकून राह्यलेत. उघड्यावर पडलेलं, पान्यानं भरलेलं. उकळत्या लोखंडात पानी गेलं की भट्टी उडती. दोनदा सांगतल्तं सुपरवायझरला. म्हने, भ्या वाटत असंल तं घरी बस."

गुरुवारी दुपारी भट्टी उडाली.

भारतने दवाखान्यात दोन दिवस काढले. त्याच्या अंगावर हात ठेवायला न भाजलेली जागा नव्हती, म्हणून प्रभावती खाटेच्या लोखंडी दांडीला धरून उभी राहायची. शनिवारी तो गेला.

जलदान विधी उरकून ती कामावर आली, तेव्हा ज्योत्स्ना मॅडमनी एक पेपर ड्रॉवरमध्ये सरकवलेला तिने पाहिला. त्या जेवायला गेल्यावर तिने तो काढला. आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. मथळा होता, 'ह्यूमन एरर बिहाइंड मिल ब्लास्ट, सेज फर्म'. एखाद्या मथळ्यातला एकही शब्द कुणाला विचारावा लागला नाही, असं पहिल्यांदाच झालं. स्फोटामागे माणसाची चूक, असं कंपनी म्हणते. कोणत्या माणसाची, ते लिहिलेलं नव्हतं. कारखान्यात त्या भट्टीवर मेलेला माणूस एकच होता.

पुढच्या आठवड्यात अप्पाराव घरी आले. ते कारखान्याच्या ऑफिसातले. स्फोटानंतर भारतला जीपमध्ये घालणाऱ्यांत तेही होते. सरकारी चौकशीसाठी तिचा जबाब त्यांनी आधी मराठीत लिहून नेला होता. आता त्याचा इंग्रजीत टाइप केलेला कागद आणला होता. तुम्ही सांगितलं तेच आहे बराबर, म्हणत त्यांनी पेन पुढे केलं.

प्रभावतीने पेन घेतलं नाही. कागद घेऊन ती दारातल्या उजेडात बसली आणि एकेका शब्दाखालून बोट नेऊ लागली. बरेचसे शब्द तिला येत नव्हते. ती येणारे शोधत होती. अप्पारावांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं.

"यात 'वेट' कुठंय?" तिने विचारलं. "'स्क्रॅप' कुठंय? ओलं भंगार, मी तर तेच सांगतल्तं."

अप्पारावांनी मान खाली घातली. "वहिनी, मला टाइप करून दिलं ते मी घेऊन आलो. मलाबी घर आहे."

"तुमच्यावर राग न्हाई, भाऊ. पन सही न्हाई करनार मी."

कागद उलटा करून कोऱ्या बाजूवर तिने स्वतःच लिहायला घेतलं. मराठीत सांगितलेल्याचं काय झालं ते तिने पाहिलं होतं. तिला मथळ्यांचंच इंग्रजी येत होतं, तेच उतरलं. हजबंड टोल्ड. वेट स्क्रॅप. टोल्ड टू टाइम्स. नो वन लिसन्स. भारत डाइज.

अक्षता मागून वाचत होती. ती हळूच म्हणाली, "मम्मी, शेवटी 'डाइड' येतं."

"राहू दे."

अप्पारावांच्या हाती तो कागद तिने दिला नाही. दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून चौकशी अधिकाऱ्यांच्या कचेरीत गेली, दीड तास बाकावर बसली आणि पोच दिल्याचा शिक्का घेऊनच उठली.

कारखाना महिन्याभरात पुन्हा सुरू झाला. अहवालाची प्रत मिळायला डिसेंबर उजाडला. अकरा पानं होती. अक्षता म्हणाली, मी वाचून दाखवते. प्रभावतीने नको म्हटलं. शब्दकोश मांडीवर घेऊन नऊ दिवस ती वाचत होती. माणसाची चूक असं त्यात कुठे नव्हतं. ओल्या भंगाराचंही नाव नव्हतं. स्फोटाचं कारण निश्चित करता आलं नाही, एवढं होतं. सुपरवायझरचा उल्लेख नव्हता. तिचा कागद सर्वांत शेवटी जोडलेला होता.

चौथ्या पानावर मृताचं नाव होतं. टाइप करणाऱ्याने बी नंतर थेट ए मारला होता. भारतचं बरात झालं होतं.

प्रभावतीने अक्षताच्या दप्तरातून निळं पेन आणलं. दोन अक्षरांच्या मधे जागा नव्हती. तिने खालून छोटी खूण केली आणि वर एच लिहिला, तिला जमेल तेवढा सरळ.