श्वासाच्या पेटीतला रोटर

मी रोटर बोलतोय. विजेच्या मोटारीच्या पोटात जो भाग गरगर फिरतो ना, तो मी. अंगठ्याएवढा जीव माझा. सध्या एका कपाटाच्या खणात मऊ फडक्यात गुंडाळलेला पडून असतो.

जिनं मला घडवलं तिला मी सूनबाईच म्हणतो, कारण त्या घरात तिला तीच हाक होती. मोटारींच्या कारखान्यात रोटर कसे असावेत हे ठरवणं तिचं काम. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्या छातीत दम उरला नव्हता. उशाशी एक जुनी पेटी होती, ती नळीतून हवा रेटायची, तेव्हा कुठे त्यांना श्वास पुरायचा. त्या पेटीत माझ्याआधी दुसरा रोटर होता. तो एका अंगाला किंचित जड होता. पण आमच्या वेगात किंचितही फार होतं. पेटी थरथरत दिवसभर कोकलायची.

"तुझ्या कारखान्यातल्या मोटारी म्हणे मांजरीच्या पावलांनी चालतात," सासूबाई म्हणायच्या, "आणि माझ्याच उशाशी हे गाढव बांधलंस होय?"

सूनबाई हसायची. तिला धास्ती आवाजाची नव्हती. त्या थरथरीनं दांड्याची बेअरिंगं झिजत चालली होती. एक दिवस ती अडकली की पेटी थांबणार, आणि पेटी थांबली की सासूबाईंचा श्वास. म्हणून तिनं मला घडवायला घेतलं.

पहिल्या खेपेला मी लांबुडका झालो. हळू फिरवलं तर अगदी शहाणा. वेग वाढवला की मधोमध वाकायचो, पोरी उड्या मारतात त्या दोरीसारखा. मग तिनं मला आखूड आणि जाडजूड केलं. आतलं चुंबक वेगानं फुटून उधळू नये म्हणून त्याच्यावर घट्ट कडं चढवलं. पुढे तोल पाहायच्या मशीनवर माझी रवानगी झाली. तिथं मला फिरवायचं, कुठलं अंग जड आहे ते पाहायचं, तिथला कणभर धातू खरवडायचा, पुन्हा फिरवायचं. एक टोक सुधारलं की दुसरं बिघडायचं. शेजारच्या लेथवरचा टर्नर हे सगळं पाहत असे. तो म्हणाला, "ताई, एवढी पारख तर मी जावई निवडताना केली नव्हती."

अखेर मी पेटीत बसलो. बटण दाबलं. मी पूर्ण वेगात आलो आणि खोलीत चिटपाखराचाही आवाज नाही.

"बंद पडली का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"चालू आहे, आई," सूनबाई म्हणाली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. त्या दिवसापासून घरी येईल त्याला सासूबाई सुनेचं कौतुक ऐकवू लागल्या.

पण त्यांची झोप उडाली. दुपारी जरा डोळा लागला की दचकून जाग्या व्हायच्या आणि पेटीवर तळहात ठेवायच्या. मी थरथरत असतो तर हाताला कळलं असतं. मी कसला थरथरतोय! मग नळीपाशी बोट धरून हवा येते का ते चाचपायच्या. त्यांचा प्रत्येक श्वास हवेतून माझ्या अंगावर यायचा. भेदरलेला श्वास कसा असतो ते मी तिथं शिकलो. सुनेला मात्र त्या काही बोलल्या नाहीत. पोरीनं एवढा जीव ओतलाय, तिला काय सांगायचं?

सूनबाईला त्यांचे खोल गेलेले डोळे दिसले. ती उशाशी बसली आणि सोडेचना. सासूबाईंनी आधी औषधाची कुरकुर केली, मग उकाड्याची. शेवटी म्हणाल्या, "रागावू नकोस. तुझ्या कामात खोट नाही. पण आवाज नसला की वाटतं, बंदच पडली. डोळा मिटायची भीती वाटते गं."

माझ्या एका अंगाला चिकटमातीचा ठिपका लावला असता तर मी पुन्हा गुणगुणलो असतो, सूनबाईच्या मनात ते येऊनही गेलं. पण त्याच गुणगुणण्यानं बेअरिंगं खाल्ली असती. मग तिनं पातळ कागदाची एक पट्टी कापली आणि पेटीच्या कडेला जादा हवा बाहेर पडते तिथं चिकटवली. पट्टी फरफर करू लागली.

सासूबाईंनी कान देऊन ऐकलं. "हं, आता जिवंत वाटते." आणि त्या संध्याकाळपर्यंत गाढ झोपल्या.

पुढचे दिवस फार चांगले गेले. सासूबाई फरफर ऐकत झोपायच्या आणि सूनबाई स्वयंपाकघरातून तीच फरफर ऐकत निर्धास्त असायची.

एका सकाळी सासूबाईंचे श्वास लांबत गेले. एक आला, पुढचा उशिरा आला. त्या जुन्या पेटीला इशाऱ्याची घंटा नव्हती. माझ्या अंगात जरा जरी खोट असती तर मी पेटी हलवली असती, तिच्यावर ठेवलेला पेला खाली पाडला असता, सूनबाईला धावत आणलं असतं. पण कण न् कण खरवडून तिनं मला निर्दोष केलं होतं. मग श्वास आलाच नाही. मी फिरत राहिलो, कागद फरफरत राहिला, आणि पलीकडे सूनबाई शांतपणे भाजी चिरत राहिली.

ती कोमट पाणी घेऊन आली. "आई, पाणी." मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "आई."

बटण तिनंच बंद केलं. ज्याचा तोल चांगला तो रोटर लवकर थांबत नाही. मी थांबेपर्यंत ती पेटीवर हात ठेवून बसली होती.

आजारच तसा होता, कुणी काही करू शकलं नसतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. नवरा तर रोज सांगतो. ती मान हलवते. पण कारखान्यात तिनं दुसरं काम मागून घेतलंय. टर्नरनं कारण विचारलं तर एवढंच म्हणाली, "मी पलीकडेच होते हो. मला कळलं नाही." कधीतरी ती खण उघडते, मला दोन बोटांत धरून फिरवते आणि पुन्हा गुंडाळून ठेवते.

ते शेवटचे श्वास माझ्या अंगावरून गेले. त्यांत एकही दचका नव्हता, ओढाताण नव्हती. मी पेटी हलवली असती तर सासूबाई भेदरून जाग्या झाल्या असत्या, हे मला फार उशिरा उमगलं. सूनबाईला हे सांगायला मला तोंड नाही. तुम्हाला ती कधी भेटली तर सांगा, आई घाबरल्या नव्हत्या. त्यांना झोप लागली होती.