साहेब येणार म्हणून मला धुतलं

मी एक पत्र्याचा ट्रे. लष्करी तळावरच्या गॅरेजात, एका जुन्या ट्रकच्या पोटाखाली माझा मुक्काम असतो. इंजिनातून गळणारं तेल झेलायचं, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण पुढचा थेंब कधी पडेल याची वाट बघत दिवसभर आ वासून पडून राहायला फार धीर लागतो.

माझा जन्म एका फुटक्या पिंपातून झाला. गॅरेजच्या वेल्डरने ते पिंप आडवं कापलं, ठोकून सपाट केलं आणि चारी बाजूंनी काठ वर वळवले. एक कोपरा जरा वाकडा झाला. त्याने मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "चालतंय. तेलाला काय कळतंय?" माझ्याबद्दल या जगात कोणी बोललेलं ते पहिलं वाक्य. मला ते तेव्हा चांगलंच लागलं. पुढे कळलं, की त्या वाकड्या कोपऱ्यातूनच तेल ओतायला बरं पडतं.

माझे मालक म्हणजे गॅरेजचे उस्ताद. त्यांना सगळे उस्तादच म्हणतात, त्यांची बायकोसुद्धा. ट्रकशी ते घरातल्या मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलतात. "काय आजी, आज पुन्हा गळताय? कालच तर औषध दिलं." मग मला पायाने थोडं पुढे सरकवतात, नेमकं थेंबाखाली. त्यांचा पाय लागलेला मला कधी अपमान वाटला नाही. झोपेतल्या मुलाला बाजूला सरकवावं तसा तो पाय असतो.

जमिनीलगत राहणाऱ्याला माणसं बुटांवरून ओळखावी लागतात. उस्तादांच्या एका बुटाची नाडी काळी, दुसऱ्याची तपकिरी. गाड्यांच्या साहेबांचे बूट, म्हणजे तळावरच्या सगळ्या गाड्या ज्यांच्या ताब्यात आहेत त्या अधिकाऱ्यांचे बूट, एका जागी थांबतच नाहीत. आणि मोठे साहेब पाहणीला येणार असले, की अख्ख्या गॅरेजचे बूट एकदम धावू लागतात.

मोठे साहेब म्हणजे तळाचे प्रमुख. ते येणार म्हटलं की रबरी नळ्या बाहेर निघतात. रॉकेल ओतून फरशी घासली जाते, भिंतींना रंग लागतो, दगडांना चुना लागतो. एकदा तर कोणीतरी कोळशाच्या ढिगाभोवतीसुद्धा पांढरी रेघ ओढली होती. फरशी अशी चकचकीत होते, की तिच्यावर कधी गाडी उभी होती हे सांगूनही पटू नये. धुतलेलं सगळं गटारात जातं. मलाही अशा वेळी गटाराच्या तोंडाशी उपडं करतात. मोठे साहेब येतात, "छान" म्हणतात आणि जातात. मग सगळे हुश्श करतात आणि मी पुन्हा आजीखाली.

एके दिवशी माझ्यासमोर कापडी बूट येऊन थांबले. त्यांच्यावर ओला चिखल होता. मग दोन गुडघे टेकले आणि चष्मा लावलेला एक चेहरा माझ्याकडे वाकून बघू लागला. माझ्याकडे असं कोणी बघितलं नव्हतं. तळावर पर्यावरणाचं काम बघायला आलेल्या या बाई. गॅरेजात त्यांना 'झाडवाल्या बाई' म्हणत, कारण पर्यावरण म्हणजे झाडं, अशी सगळ्यांची पक्की समजूत होती.

"हा कधी रिकामा करता?" बाईंनी विचारलं.

"भरला की," उस्ताद म्हणाले.

"आणि भरलाय हे कसं कळतं?"

उस्तादांनी डोकं खाजवलं. "सांडला की."

बाई हसल्या नाहीत. "सांडल्यावर?"

"धुतो की. आमच्याकडे घाण ठेवत नाहीत, बाई."

"आणि ते पाणी?"

उस्तादांनी गटाराकडे हात केला. बाई तिकडूनच आल्या होत्या. गॅरेजमागून ते गटार तळ्याला मिळतं. तळ्याच्या काठी जवानांच्या कुटुंबांची वसाहत आहे आणि वसाहतीच्या मधोमध विहीर. विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला होता. बाईंनी ते पाणी तपासून आणलं होतं; त्यात तेल निघालं होतं. असंच चालू राहिलं तर विहीर बंद होणार होती आणि विहिरीवाचून वसाहत चालणार नव्हती. घरं हलवावी लागणार होती.

उस्तादांचं घर तिथेच. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "आमची ही रोज म्हणते, चहाला वास येतो. मी म्हणतो, तुझ्याच हाताला येत असेल." मग म्हणाले, "बाई, घर हलवायचं म्हणजे ती मला या आजीखालीच झोपायला लावेल."

यावर मात्र बाई हसल्या.

बाई मोठ्या साहेबांकडे याआधी दोनदा जाऊन आल्या होत्या. पहिल्यांदा मोठे साहेब म्हणाले, "पर्यावरण ना? लावू की झाडं. किती हवीत?" दुसऱ्यांदा खरंच झाडं लागली, अगदी रांगेत, एका उंचीची, आळ्यांना चुना लावलेली. आता महिन्याच्या बैठकीत बाईंना शेवटची संधी मिळाली होती. सगळे वरिष्ठ अधिकारी असणार होते. हे गाड्यांच्या साहेबांनीच त्यांना गॅरेजात सांगितलं. वर म्हणाले, "या वेळी पटलं नाही तर विषय बंद समजा, बाई. आम्हाला दुसरी कामंही आहेत."

साहेब गेल्यावर बाईंनी उस्तादांकडे एकच मागणं केलं. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हा ट्रे मला बैठकीत हवाय. असाच."

आता हे 'असाच' कुठे आणि कसं हरवलं, ते मी तुम्हाला सांगतो. उस्तादांनी ते गाड्यांच्या साहेबांना सांगितलं. साहेबांनी एवढंच ऐकलं, की गॅरेजातली एक वस्तू मोठ्या साहेबांच्या टेबलावर जाणार. बस्स. माझ्यात तेव्हा काठोकाठ तेल होतं. मला उचलून गटारावर उपडं केलं. रॉकेलने घासलं. नळी सोडली. माझ्या अंगावरची कित्येक वर्षांची काजळी निघून गेली आणि खाली असा पत्रा निघाला, की वेल्डरनेही मला ओळखलं नसतं. मग हिरवा रंग. काठाला पांढरी रेघ. एका बाजूला सुबक अक्षरात 'तेल'. गाड्यांचे साहेब स्वतः येऊन बघून गेले आणि म्हणाले, "आता कसा माणसात आला!"

खरं सांगू? मला आनंद झाला होता. इतकं नटवून मला कोणी कधी कुठे नेलं नव्हतं.

बैठकीच्या खोलीत उस्तादांनी मला टेबलावर ठेवलं, खाली वर्तमानपत्र घालून. आजवर मी बूटच बघितले होते. आता सगळीकडे चेहरे होते. गाड्यांच्या साहेबांचा चेहरा त्यांच्या बुटांपेक्षा कितीतरी थकलेला होता. मोठ्या साहेबांच्या भुवया पिकलेल्या होत्या आणि ते पाण्याचा पेला सारखा अगदी सरळ करून ठेवत होते. मग बाई आत आल्या. त्यांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

मला कळेना माझं काय चुकलं.

बाईंनी हातातले कागद बाजूला ठेवले. कोणीतरी घड्याळाकडे पाहिलं. मग त्या माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझ्या काठावरून बोट फिरवलं. बोटाला थोडा हिरवा रंग लागला.

"सर, हा ट्रे काल काळा होता," त्या म्हणाल्या. आवाज जरा कापत होता. "तेलाने भरलेला होता. ते तेल आता कुठे आहे?"

टेबलाखाली बूट हलले. वरून दिसत नसलं तरी मला ते ऐकू आलं. गाड्यांच्या साहेबांनी उस्तादांकडे पाहिलं. उस्तादांनी छताकडे पाहिलं.

"उस्ताद?" मोठे साहेब म्हणाले.

"धुतला, साहेब. आपल्यासमोर आणायचा म्हणून."

"मग तेल?"

"गटारात, साहेब."

"दर वेळी?"

"नाही साहेब, दर वेळी नाही," उस्ताद घाईने म्हणाले. "आपण येणार असलात तरच एवढं."

मोठ्या साहेबांनी पेला हातात घेतला आणि न पिताच खाली ठेवला. मग ते उठले. "चला," म्हणाले. "कुठे जातं ते बघू."

सगळे उठले. उस्तादांनी मला काखेत मारलं, म्हणून पुढचं मला बघायला मिळालं. पुढे मोठे साहेब, मागे अधिकाऱ्यांची रांग, सगळे गटाराच्या कडेकडेने चालत होते, एखाद्याचं काहीतरी हरवलं असावं तसे माना खाली घालून. गटार तळ्याला मिळतं तिथे पाण्यावर निळा, जांभळा, पिवळा तवंग पसरला होता. माझंच कालचं तेल. पलीकडे विहिरीवर वसाहतीतली एक बाई कळशी भरत होती. तिने कळशी नाकाशी नेली, वास घेतला, पाणी ओतून दिलं आणि पुन्हा दोर खाली सोडला. तिला वाटलं असावं, खालचं पाणी बरं असेल.

मोठे साहेब बराच वेळ बघत उभे राहिले. मग बाईंकडे वळून म्हणाले, "बाई, ती तुमची जी काही पद्धत आहे, ती सांगा. झाडं सोडून."

बाईंनी तिथेच, काठावर उभं राहून सांगितली. आपल्या कुठल्या कामाने कशाला इजा होते ते आधी शोधायचं. त्यातलं काय कमी करायचं ते ठरवायचं, कोण करणार तेही ठरवायचं. करायचं. मग खरंच झालं का ते तपासायचं आणि चुकलं असेल तिथे सुधारायचं. पुन्हा पहिल्यापासून. आणि हे सगळं वरच्यांनी आपलं मानल्याशिवाय खाली टिकत नाही.

"हे आम्ही करतोच की," गाड्यांचे साहेब म्हणाले. "तपासणी तर कायम चालू असते."

"साहेब, तुमची तपासणी ठरलेल्या दिवसाची," बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज कापत नव्हता. "मला बाकीच्या दिवसांची काळजी आहे."

मोठ्या साहेबांनी तिथल्या तिथे पहिला हुकूम दिला, "माझ्या पाहणीआधी काहीही धुवायचं नाही."

"मग दाखवायचं काय?" गाड्यांच्या साहेबांच्या तोंडून निघून गेलं.

"जे असेल ते."

पुढच्या पाहणीला मोठे साहेब आले तेव्हा गॅरेजात खरंच जे होतं ते होतं. फरशीवरचा डाग बघून त्यांच्या भुवया वर गेल्या, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. सवय मोडताना त्यांना किती त्रास होत होता! शेवटी ते एवढंच म्हणाले, "हं. आणि तेल?" उस्तादांनी त्यांना झाकणाचं पिंप दाखवलं. आता मी भरायच्या आधीच रिकामा होतो. तेल पिंपात जातं, आणि पिंप भरलं की जुनं तेल शुद्ध करणाऱ्यांकडे जातं. सांडलंच तर वर वाळू टाकतात आणि ती झाडून वेगळी ठेवतात. गटाराच्या तोंडाशी जाळी आणि गाळणीचा खड्डा आहे. बाई दर महिन्याला येतात, गुडघे टेकतात आणि माझी विचारपूस करतात.

विहिरीला अजून थोडा वास आहे. पण वास कमी होतोय, असं उस्तादांच्या घरून कळलं. घरं हलवायची गोष्ट आता कोणी काढत नाही.

माझा हिरवा रंग केव्हाच उडाला. तुम्ही मला पाहाल तर काळाच दिसेन.

आज मात्र जीव थोडा खालीवर होतोय. मोठ्या साहेबांची बदली झाली आणि त्यांच्या जागी आलेले नवे साहेब आज पहिल्यांदा गॅरेज बघायला येणार आहेत. सकाळी गाड्यांचे साहेब आले. त्यांचे बूट चक्क माझ्यासमोर थांबले. किती तरी वेळ ते माझ्याकडे, फरशीकडे आणि भिंतीवर गुंडाळून ठेवलेल्या नळीकडे बघत राहिले.

"उस्ताद, नवा माणूस आहे. पहिल्यांदाच येतोय. जरा..." असं म्हणून त्यांनी नळीकडे हात नेला.

उस्तादांनी मला पायाने थोडं पुढे सरकवलं, नेमकं थेंबाखाली.

साहेबांनी हात मागे घेतला. "नको. राहू दे," ते म्हणाले. "विचारलं तर मी सांगीन."

नवे साहेब, तुमचे बूट आता दारात दिसतायत. मला बघून तुम्ही नाक मुरडलंत तरी मी मनाला लावून घेणार नाही. फक्त एवढं विचारा, की हे तेल पुढे कुठे जातं? विचाराच. उत्तर द्यायला इथे सगळे तयार उभे आहेत.