मोटरची वायर आणि दसरा

लग्न झाल्यापासून एकाही दसऱ्याला मी नागपूरची दीक्षाभूमी चुकवली नाही. यंदा गुडघ्यांनी नकार दिला. तिथली बुद्धवंदना निदान टीव्हीवर तरी बघावी, एवढंच ठरवलं होतं. तर तीन दिवस आधी वानरांनी छपराच्या टिनांवर उड्या मारून टीव्हीच्या छत्रीची, म्हणजे डिशची, वायर तोडली.

कपिल माझ्या दिराचा मुलगा. गावातल्या विहिरींत मोटरी सोडतो, म्हणून जगातली प्रत्येक वायर आपल्याला कळते असं त्याला वाटतं. नवी वायर आणायला दारव्ह्याच्या बाजाराला जायचे कष्ट कोण घेणार? त्याने कोठ्यातली मोटरची उरलेली बोटाएवढी जाड वायर तुटलेल्या टोकांना पीळ देऊन जोडली आणि वर काळी टेप गुंडाळली. पडद्यावर सिग्नल नाही. ही टीव्हीची वायर नव्हे, असं मी म्हटलं, तर तो हसला.

"मोठीमाय, या वायरीवर पाच एचपीची मोटर चालते. तुह्या टीव्हीले अजून किती करंट पायजे?"

मग त्याने टीव्हीजवळचा सेट-टॉप डबाच खराब झाल्याचं जाहीर केलं.

आमचे हे आता नाहीत; चौथीच शिकलेले होते. एकोणनव्वद साली पुसदहून अँटेना आणली, तेव्हा दुकानदाराला वायरीचं टोक सोलून दाखवायला लावलं होतं. पहिल्या दोन बंडलांची आतली तारांची जाळी विरळ निघाली, ती यांनी परत ठेवली. जाळी विरळ असली की चित्रात मुंग्या येतात, असं म्हणायचे. आमच्याकडे मुंग्या कधी आल्या नाहीत. कपिलकडे आयटीआयचं सर्टिफिकेट आहे, फ्रेम केलेलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी तुटक्या वायरीचा वीतभर तुकडा भाजीच्या चाकूने सोलला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"पाय. मधात एक तार, भवती जाळी. तुह्या मोटरच्या वायरीत जाळी कुठं हाय?"

त्याने आपली वायर सोलली. तीन तारा निघाल्या, जाळी नाही.

"दुकानात सोलून पाय," मी म्हटलं. "जाळी दाट पायजे. अन् छत्रीपासून डब्यापर्यंत अख्खी आण. गाठ मारू नको."

जीपने गेला, संध्याकाळी आला, सकाळी वायर ओढली. चित्र लख्ख आलं. दुपारनंतर पांढऱ्या साड्यांनी पडदा भरला. दरवर्षी मी त्यांच्यातच कुठेतरी बसलेली असायचे.

शेजारची माणसं जमली. कपिल दारात उभा राहून त्यांना समजावत होता, की वायर जाडीवर घ्यायची नसते, सोलून जाळी बघावी लागते, लोकांना तेवढंही कळत नाही.

मी त्याला गप्प बसायला सांगितलं. वंदना सुरू झाली होती.