दोन शीटांचा सांधा

नगरपालिकेच्या कचेरीत नकाशा काढताना मिलिमीटरचीही चूक न करणारे, म्हणून त्यांना सगळे मिलिमीटर म्हणायचे, आणि त्यांना ते आवडायचं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी जुने नकाशे वाचणारं दुसरं कुणी सापडेना, म्हणून त्यांना सल्लागार करून परत बोलावलं. आणि कॉम्प्युटरवर त्यांच्या शेजारी बसवला कोण, तर त्यांचाच जावई! घ्या! जगात इंजिनिअर काय कमी पडलेत? पण नशिबाला थट्टेची हुक्की आली की ते नेमकं घरचं माणूस शोधतं.

दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य, आणि त्याचं कारण शिपायापासून सगळ्यांना पाठ. बारा वर्षांपूर्वी गल्लीतलं गटार रुंद करताना जावयाच्या वडिलांचं, मिस्त्रींचं, ग्रिल-गेटचं वर्कशॉप अर्धं पाडलं. चार फूट अतिक्रमण! नकाशा मिलिमीटरांनी काढलेला, मोजणीलाही तेच उभे. मिस्त्री ओरडत राहिले, "अहो, माझी भिंत माझ्याच जागेत आहे हो!" पण कागदापुढे कुणाचं चाललंय? गिऱ्हाईकं तुटली, सख्खे नातेवाईक 'जागा ढापणारा' म्हणायला लागले, आणि मिस्त्रींनी उंबरठा ओलांडणंच सोडलं. पुढे मिलिमीटरांच्या मुलीने सगळं जग सोडून त्याच घरात लग्न केलं. तेव्हापासून जेवायला बसल्यावरही टोमणा ठरलेला, "जावईबापू, जरा सरकून घ्या. दुसऱ्याच्या जागेत बसायची सवय तुमच्या घराण्याला." मुलगी पोळ्या वाढत राहायची.

आता नव्या पाइपलाइनसाठी तोच जुना नकाशा स्कॅन करून कॅड नावाच्या नकाशाच्या प्रोग्रॅममध्ये खऱ्या कोऑर्डिनेटवर बसवायचा होता. म्हणजे नकाशातली विहीर जमिनीवरच्या विहिरीवर पडली पाहिजे, टाकीचा कोपरा टाकीच्या कोपऱ्यावर. जावयाने उन्हातान्हात यंत्र घेऊन बारा खुणांचे आकडे आणले होते. नऊ खुणा बोटभर फरकाने चपखल बसल्या. तीन काही केल्या बसेनात. ते गल्लीतले हद्दीचे दगड. इतकी वर्षं डांबराखाली गाडलेले, परवाच्या खोदकामात उघडे पडलेले. तिन्ही नकाशातल्या जागेपासून चार-चार फूट लांब.

"दगड खरे असतील तर माझ्या बापाची भिंत हद्दीच्या आत होती," जावई म्हणाला.

"दगड हलवलेत!" मिलिमीटर कडाडले. "कुणी हलवले ते घरी जाऊन विचारा."

"डांबराखाली शिरून हलवले?"

"डांबर नंतर आलं. हातचलाखी आधीची असेल."

"साहेब, तोंड सांभाळून बोला." कचेरीत तो त्यांना बाबा म्हणायचा नाही. घरीही क्वचितच.

आवाज ऐकून खात्याच्या प्रमुख, मोठ्या बाई, केबिनमधून बाहेर आल्या. त्यांना ना दगडांशी देणंघेणं, ना भिंतीशी. "पाच वाजता नकाशा गेला पाहिजे. नऊ जुळतात ना? मग तीन गाळा. दगड जागचे हललेले आहेत असा शेरा टाका, जुन्या साहेबांची सही घ्या, विषय संपला."

शेरा छापून आला. एकदा त्यावर सही झाली की दगड उपटून फेकणार, वर पाइप टाकून माती लोटणार, आणि मिस्त्री मरेपर्यंत चोरच राहणार. जावयाने कागद टेबलावर आपटला.

"करा सही. माझ्या बापाला जिवंतपणी गाडायचं तुमच्या हाताला वळण आहेच."

मिलिमीटरांनी रागाने पेन उघडलं. पण न बघता सही? छे, ती खोड त्यांना कधी नव्हती. "ते तिन्ही दगड मोठे करून दाखवा," ते गुरगुरले.

जावयाने दाखवले. तिन्ही एका रेषेत, एकमेकांपासून बरोबर तीस-तीस मीटरवर, नकाशात होते तसेच. दगड चोरून हलवणारा माणूस एखादा हलवेल, तोही वाकडातिकडा रोवेल. तिन्ही दगड एवढ्या शिस्तीत कोण हलवतो?

"आणि नकाशातली गल्ली इथे, विहिरीपुढे, उगाच वाकते," जावई म्हणाला. "दगडांवरून रेघ मारली तर ती सरळ जाते. हा बाक आला कुठून?"

मिलिमीटर स्क्रीनजवळ सरकले. तो बाक त्यांच्या ओळखीचा होता. तिथे दोन शीटांचा सांधा होता. छत्तीस वर्षांपूर्वी, नोकरी नवी असताना, त्यांनी तो भाग दोन शीटांवर काढला होता. पहिल्या शीटवर गल्लीचं टोक चार फूट चुकलं, आणि ते कळलं दुसरं शीट शेजारी ठेवल्यावर. पण पहिल्यावर तेव्हाच्या साहेबांची सही होऊन गेलेली! सही झालेल्या कागदाला हात कोण लावणार? शिव्या कोण खाणार? म्हणून त्यांनी दुसऱ्या शीटवरची बरोबर असलेली गल्ली हद्दीच्या दगडांसकट ब्लेडने खरवडली आणि चुकीच्या टोकाला नेऊन जुळवली. दिसायला इतकी सुबक जुळली की साहेबांनी पाठ थोपटली.

त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"दगड हललेले नाहीत," ते म्हणाले. "गल्ली मी हलवली."

मग त्यांनी सगळं सांगितलं, खाली मान घालून, शीट, सही, ब्लेड. शेजारच्या टेबलांवरचं टाइपिंग थांबलं. मोठ्या बाई घड्याळ बघायला विसरल्या. जावई ओरडेल असं सगळ्यांना वाटलं, पण तो ओरडला नाही. त्याने फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन सासऱ्यांपुढे ठेवला.

"मला कशाला सांगता? त्यांना सांगा."

"हां, बोल रे," मिस्त्रींचा आवाज आला. "जेवलास का?"

"व्याही, मी बोलतोय."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग, "बोला."

"तुमची भिंत तुमच्याच जागेत होती. नकाशा चुकलेला होता. माझा."

"ते मला बारा वर्षं माहीत आहे," मिस्त्री म्हणाले. "तुम्हाला कधी कळलं, तेवढं सांगा."

आज कळलं, असं म्हणता आलं असतं. कुणी पुरावा मागितला नसता. पण मोजणीच्या दिवशी पहार घेतलेल्या मजुराने विचारलं होतं, डांबर फोडून दगड बघायचे का साहेब, आणि त्यांनी घाईघाईने हात उडवला होता, कशाला, नकाशा आहे ना. ती घाई कसली होती, हे त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मोजणीच्या दिवशीच," मिलिमीटर म्हणाले. "भिंत पाडायच्या आधी."