मोरपिसांवर बसलेलं भूत

उज्जैनच्या दवाखान्यातल्या बायकांच्या वॉर्डात त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. दारात माणसं, खाटांमध्ये माणसं, खिडकीच्या गजांना पोरं लटकलेली! आणि सगळ्यांचे डोळे एकाच ठिकाणी, पवनगिरी महाराजांच्या हातातल्या मोरपिसांच्या कुंच्यावर.

"फूँको मायी, जोर से फूँको! निकल रहा है!" महाराज डोळे मिटून गरजले.

खोकून खोकून बेजार झालेल्या बाईने कुंच्यावर फुंकर घातली. फुंकर कसली, छातीच्या तळातून आलेला खोकलाच तो! महाराज तोच कुंचा घेऊन पुढच्या खाटेशी गेले. "अब तू खींच! लंबी साँस! ताकत अंदर जा रही है!" त्या बाईने बिचारीने पिसांत नाक खुपसून श्वास ओढला. मग तिसरी, मग चौथी. देवळातला प्रसादही इतक्या निष्ठेने वाटत नसतील हो!

पण खरा चमत्कार पुढेच होता. शेवटी महाराज एका खाटेपाशी थबकायचे, त्या बाईच्या तोंडावर कुंचा बराच वेळ धरायचे आणि सांगायचे, "भूत अब इस खटिया पर आएगा." आणि यायचं! आठवड्याच्या आत त्या बाईला ताप भरायचा, छाती घरघरायची. आधी मधुमेहाची सोनारीण अशी आजारी पडली, मग बाळंतपणात खंगलेली शिंपीण. दोघींना पेनिसिलिन टोचून डॉक्टरीण अहल्याबाईंनी ओढून काढलं, आणि नारळ मात्र महाराजांपुढे फुटला.

त्या दिवसांत, १९५६ साली, मध्यभारत राज्य मोडून नवं राज्य व्हायचं होतं. राजधानी कुठे, यावर पानाच्या ठेल्यांवर हमरीतुमरी चाले. महाराजांनी केव्हाच सांगून टाकलं होतं, "राजधानी तो उज्जैन ही होगी!" इतकं गोड बोलणाऱ्यावर अविश्वास कोण दाखवणार?

एकटी चारुलता दाखवत होती. ती मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिची आई, माई, विषमज्वरातून नुकती उठली होती. उठली म्हणजे काय, नुसती हाडं उरली होती. आणि आज महाराज थबकले ते माईच्याच खाटेपाशी.

"अगली यह."

चारुलता झटकन पुढे झाली. तिचे वडील, गोपाळकृष्णराव ऊर्फ अण्णा, शिंदे सरकारच्या खजिन्यात हयात घालवलेला करडा माणूस. पण माईचं नाव निघताच त्यांनी हात जोडले.

"महाराज, काही उपाय?"

"रंगपंचमी को बड़ा झाड़ा करेंगे. घड़ीभर मायी के मुँह पर कुंचा रखेंगे."

चारुलता तडक अहल्याबाईंच्या खोलीत गेली. त्या म्हणाल्या, "अगं, न्युमोनिया आहे तो. खोकल्याच्या थेंबांतून जंतू उडतात. तुझ्या-माझ्यासारखी धडधाकट माणसं बहुतेक वेळा झटकून टाकतात. पण ज्वराने, मधुमेहाने ज्यांची ताकद आधीच संपली, त्यांचं शरीर लढणार कशाने? तुझ्या माईला आत्ता नवा जंतू लागला, तर मीही काही खात्री देऊ शकत नाही."

"मग थांबवा ना त्यांना!"

"सांगून थकले. महाराजांना इथे आणलं सेठजींनी, आणि दवाखाना चालतो सेठजींच्याच पैशांवर. ते म्हणतात, 'आप सुई लगाइए, महाराज झाड़ा लगाएँगे.' घरचेच हात जोडून बोलावतात, तिथे माझं कोण ऐकतं? तुझ्या अण्णांनी एकदा नाही म्हणू दे, मी दार लावून घेते."

अण्णा कसले नाही म्हणतात! चारुलताने घरी जीव तोडून सांगितलं, "अण्णा, भूतबित काही नाही. तो कुंचाच आजार पोहोचवतोय!"

"तू शाळेत पोरींना शिकव. माणसाचं भाकीत खरं ठरतंय, मी डोळ्यांनी बघितलंय!"

"असं? मग डोळ्यांनीच दाखवते."

रंगपंचमी उजाडली. उज्जैनमध्ये त्या दिवशी दुपारपर्यंत कोरा माणूस सापडेल तर शपथ; पण सकाळी दवाखान्यात अजून रंग शिरला नव्हता. दवाखान्याच्या ओसरीवर चारुलताने अण्णांना गाठलं आणि मूठभर गुलाल त्यांच्या भरघोस मिशांत चोळला. लेकीने बापाला रंग लावला, त्यात कोणाला काय संशय येणार? फक्त अण्णा वैतागले. "अगं कार्टे, आज तरी!"

महाराज आले. मागे पांढऱ्याशुभ्र धोतर-कुडत्यात सेठजी, मागे गर्दी. चारुलताने हात जोडले. "महाराज, हम घरवालों को पहले झाड़िए. हमारा दोष माई को न लगे."

महाराज खूश! सेठजी म्हणाले, "हम भी बैठेंगे." ओसरीवरच्या बाकावर रांग लागली. पहिले अण्णा, मग सेठजी, मग त्यांचे मुनीम, मग आणखी चार भाविक. टोकाला वॉर्डातली पाय मोडलेली धोबीण, प्लॅस्टरसकट. तिला रोज झाडलं तरी कधी काही झालं नव्हतं. महाराज म्हणायचे, तिचे ग्रह तगडे आहेत.

अंतर्दृष्टीने बघायचं असल्याने महाराजांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटले.

"फूँको!" अण्णांनी गुलालभरल्या मिशांतून जोरदार फुंकर घातली. कुंचा सेठजींच्या नाकाशी गेला. "खींचो!" सेठजींनी भक्तिभावाने श्वास ओढला, आणि आक्छी! शिंक अशी आली की पागोटंच वाकडं झालं. नाक लाल, कुडत्यावर लाल. मुनीमजींचे ओठ लाल. पुढच्या चौघांचे गाल गुलाबी. धोबिणीचं कपाळ लाल. शेवटी सगळ्यांची बला स्वतःवर घेण्यासाठी महाराजांनी कुंचा आपल्या दाढीवरून फिरवला आणि डोळे उघडले.

ओसरी खो खो हसत होती.

"हे बघा!" चारुलताने आवाज चढवला. "रंग फक्त अण्णांच्या मिशीला होता. सेठजींच्या नाकापर्यंत कोणी नेला? महाराजांच्या दाढीत कसा गेला? गुलाल दिसतो म्हणून तुम्ही हसताय. खोकल्याचे थेंब दिसत नाहीत, पण ते याच कुंच्यावरून असेच खाटोखाटी जातात!"

"यह तो प्रभु का रंग है!" महाराज दाढी झटकत ओरडले.

"मग प्रभूला कुंचा कशाला लागला?"

तेवढ्यात धोबीण किंचाळली, "हाय राम! यानी रोज दूसरों का खाँसा हुआ मेरे मुँह पे!" मग काय, हसण्याला ऊत आला.

अण्णा मात्र हसत नव्हते. "पण भाकीत? ते कसं खरं ठरतं?"

दारात उभ्या अहल्याबाई म्हणाल्या, "गोपाळकृष्णराव, ते सगळ्यात अशक्त बाई निवडतात आणि तिच्याच तोंडावर कुंचा सगळ्यात जास्त वेळ धरतात. भिजलेल्या भिंतीला आपणच धक्का द्यायचा आणि म्हणायचं, पडणारच होती! ही धोबीण बाकी ठणठणीत, म्हणून वाचली. ग्रहांचा काय संबंध?"

महाराज तोवर आतल्या दाराकडे सरकले होते. "चलो, मायी का समय हो गया."

आणि अण्णा उठले. लाल मिशांचा तो म्हातारा दारात आडवा उभा राहिला.

"महाराज, माझीच बुद्धी गहाण पडली होती. माझ्या बायकोजवळ तो कुंचा येणार नाही. अहल्याबाई, दार लावा!"

दार लागलं. सेठजी नाक पुसत म्हणाले, "महाराज, कल से कष्ट मत कीजिए," आणि पवनगिरी जे सटकले ते थेट रतलामच्या गाडीत. आतून माईचा क्षीण पण ठसकेबाज आवाज आला, "अहो, आत येणार असाल तर आधी त्या मिशा धुवा!"

अहल्याबाईंनी खोकणाऱ्यांच्या खाटा वेगळ्या खोलीत नेल्या, खिडक्या सताड उघडल्या, भेटणाऱ्यांची गर्दी थांबवली. माई घरी जाईपर्यंत वॉर्डाच्या दाराशी स्टूल टाकून अण्णा स्वतः बसले. खोकणारा व्याही आला तर व्याह्यालाही परत पाठवलं, "बाहेरूनच रामराम करा!"

तेव्हा मंडळी, झाडफूक करणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा, कुंचा आधी कोणाच्या तोंडावरून आलाय? आजाऱ्याकडे जाताना हात धुवा, खोकला असेल तर तोंडावर पदर-उपरणं घ्या, नाहीतर सरळ घरी बसा. यात चमत्कार काही नाही. माणसं मात्र वाचतात.