काहिलीला भोकं पाडू नका

मित्रांनो, मी ग्रेनाडा बेटावरची एक जुनी काहील आहे. बिडाची, आत दोन माणसं बसतील एवढी.

गोऱ्या मालकांच्या गलबतातून मी इथे उतरले, तेव्हा डोंगरउतारावर सगळा ऊसच होता. आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम माझ्यात रस उकळत. साखर सातासमुद्रापार जाई. हात मात्र पोळत ते या गुलामांचे. पुढे गुलामगिरी संपली, ऊस हटला, जायफळ आणि कोको आला. बायका माझ्यात उभ्या राहून, गाणी म्हणत, कोकोच्या बिया पायांनी घोळून चमकवीत. सणाला गावजेवणही माझ्यातच शिजे. ती माझी सर्वांत चांगली वर्षं. मग एका वादळात माझ्यावर नारळाचं झाड पडलं आणि बुडाला बोटभर चीर गेली. मी गवतात पडून राहिले.

गेल्या फेब्रुवारीत हॉटेलातला माळी अल्बन ड्रिल घेऊन आला. बुडाला पाच भोकं पाडून त्याला माझ्यात जास्वंद लावायची होती. भोकं पडली की माझा स्वयंपाक कायमचा संपला.

त्याची टँटी, म्हणजे मावशी, युलाली आडवी आली.

“परवा स्वातंत्र्यदिन. गावाचं ऑइलडाउन हिच्यातच शिजेल.” ऑइलडाउन म्हणजे नारळाच्या दुधात सगळं एकत्र शिजवलेलं आमचं सणाचं जेवण.

“टँटी, हिला चीर आहे. अर्धं दूध चुलीत जाईल.”

“गेलं तर खुशाल घेऊन जा. जास्वंदीला पाणी मी घालीन. नाही गेलं, तर भोकं तुझ्या टोपीला पाड.”

सात तारखेला मला तीन दगडांवर चढवलं. टँटीने कणकेचा गोळा घट्ट मळून चिरेवर थापला. त्यावर खारवलेलं मांस, मग नीरफणस, कच्ची केळी, हळद घातलेलं नारळाचं दूध आणि सर्वांत वर अळूच्या पानांची रजई. दोन थेंब गळले. चूल फिस्सकन बोलली.

“ऐकलंस?” अल्बन म्हणाला.

“चूल शिंकली. सर्दी झालीय तिला.”

तासाभराने त्याला राहवेना. तळ बघायला त्याने उलथनं उचललं, तसं अख्खं गाव ओरडलं. ऑइलडाउन कधी ढवळत नाहीत.

“हॉटेलात राहून तुझाही पर्यटक झाला वाटतं!” शेजारची म्हातारी आयोना म्हणाली.

अल्बनने उलथनं खाली ठेवलं. ते एकदा जरी फिरलं असतं, तर कणीक सुटली असती आणि माझं नशीबही.

दूध जिरलं, तळाशी खोबरेल चकाकू लागलं. चूल पेटलेलीच होती; दूध तिच्यात गेलंच नव्हतं. अल्बनने दोन वाडगे संपवले आणि माझ्यात वाकून खरवड काढू लागला. चिरेवरची कणीक खरपूस भाजली होती.

“टँटी, हा तुकडा घेऊ?”

“ते बूच आहे, गाढवा! बरं, घे. पण उद्या हिला लोहाराकडे तूच न्यायचं.”

त्याने नेलं. हॉटेलातली जास्वंद आता न्हाणीच्या जुन्या टबात फुलते.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं जुनं भांडं कोपऱ्यात पडलं असेल. त्यात माती भरण्याआधी त्याला एकदा चुलीवर चढवून बघा. आणि माझ्या गावी जेवायला आलात, तर उलथनं घरीच ठेवून या.